डब्यात अटकलेला बुढा

त्या बुढीले एकच गोष्ट पाह्याची होती. आपला बुढा नाचला का नाई, बस एवढंच.

तिच्या नातीचं लगन होतं उन्हाळ्यात, तामसीकडच्या एका गावात. व्हिडिओ काढाले मी होतो. मी म्हंजे आदिलाबादच्या बस स्टँडाच्या मांगं ज्याचं टीनाचं दुकान हाये, ज्याच्या बोर्डावर 'स्टुडिओ' लिवलं हाये अन् आतमंदी एक टेबल, दोन स्टूल न बायकोची शिलाई मशीन सोडली तं काही नाई, तो. त्या लग्नात वरात मांडवापासी आली, बँडवाल्यानं जोर धरला, अन् नवरीचा आजा, जो जल्मात कोनाच्या वरातीत उठून उभा राह्यला नोहोता, तो नाचला. साऱ्या गावानं पाह्यलं. बुढीनं तेवढं पाह्यलं नाई. ते मांगच्या खोलीत बुंदीच्या टोपल्यांवर राखन बसली होती. बुंदी वाचली, नाच गेला.

बाहेर आल्यावर बाया सांगाले लागल्या, तुमचा म्हातारा नाचला वो. तिनं घरी जाऊन इचारलं. तं बुढा म्हने, "मी कायले नाचू? मायी एक चप्पल गर्दीत सुटली होती. पायानं चाचपून राह्यलो होतो."

"अन् हात काऊन वर होते?"

"कोनाले धक्का लागू नये म्हून."

बुढा इथून मांगं हटाले तयार नाई. गावातले लोकं साक्ष देऊन थकले. मंग बुढी माह्याकडं आली. म्हने, "बाबू, तू तं मशीन घेऊन उभा होता. तुह्या मशिनीत असंन."

मी म्हनलं, "असंन म्हंजे? मावशी, असा काढला हाये तुमचा म्हातारा, चारी बाजूनं. सिनेमात नाई दिसत इतका साफ."

मी तवापर्यंत काहीच पाह्यलं नोहोतं. पन बोलाच्या कामात मायं कधी अडलं नाई.

शाळेत मी चौथीपर्यंत होतो, असं शाळेचं म्हननं हाये. मायं स्वताचं मत तिसरीचं हाये. त्याच्यानंतर एका फोटोवाल्यापासी लाइट धरून उभं राह्याचं काम केलं. लाइट मी इतका सरळ धरो का नवरा-नवरी डोळे मिटूनच घेत. त्यानंच एक दिवस वैतागून मले कॅमेरा देला अन् लाइट स्वता धरला. झालो मी व्हिडिओवाला.

मॅक घेतला तो तं निव्वळ शान मारासाठी. निजामाबादकडं एकाचा स्टुडिओ बंद झाला, त्याचा जुना मॅक उचलून आनला. मागच्या बाजूनं उष्टं सफरचंद हाये. ते सफरचंद रोडवरून दिसलं पायजे म्हून मी टेबल असं लावलं का गिऱ्हाईकाले सफरचंद दिसते अन् माह्या पाठीले भिंत घासते. आतमंदी सारं इंग्रजी. मले इंग्रजीतली अक्षरं येतेत, गाड्यांच्या नंबर प्लेटीवरून शिकलो. पन नंबर प्लेटीवर कधी पुरं वाक्य लिवलेलं नसते, म्हून वाक्यापासी माया अभ्यास संपते. मी सारं चित्रावरून ओळखतो. अर्धं निळं, अर्धं पांढरं हासरं तोंड दाबलं का फायली दिसतेत. टोपली दाबली का कचरा. एवढ्यावर मी धंदा चालवतो अन् लोकं मले इंजिनेर समजतेत, म्हंजे लोकंबी माह्याच वर्गातले होते.

लग्नांचे व्हिडिओ राहतेत एका हार्ड डिस्कीत. काळा डबा, बिडीच्या बंडलावर बंडल ठेवलं का होईन तेवढा. त्याले एक बारीक तार, तारीचं दुसरं टोक मॅकले. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याच्यात उतरवाचं अन् कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाले पळाचं. दुसरीकडं कुठं काही ठेवलेलं नसते. दुसरी डिस्क घ्याची म्हून दर लग्नसराईत मी ठरवतो, अन् मंग घरी मिक्सर येते, नाई तं कूलर येते.

तार मी कशीबी ओढो. बैलाचं दावं काढते ना, तशी. ओढली का मॅकच्या वरच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी येये. मले वाटे, तो म्हनते, या पुन्हा. मीबी मान हालवो.

आता लग्नाचा व्हिडिओ आमच्याकडं कधी देतेत, तं बारसं व्हाच्या आधी देल्ला तं लवकर देल्ला. अल्बम लोकं लगेच मांगतेत, कारन त्याच्यात आपन दिसतो. व्हिडिओत दुसरे दिसतेत. नवरीच्या बापानं एकदा इचारलं अन् कापसाच्या पेरनीत इसरला. फक्त बुढी इसरली नाई. दर बाजारच्या दिवशी ते बसनं आदिलाबादले भाजी घ्याले येये, थैली माह्या दुकानाच्या पायरीवर ठेवे अन् म्हने, "झालं का?" मी म्हनो, "पुढच्या बाजारी." माह्या बायकोची शिलाईची मशीन तिथंच दुकानाच्या कोपऱ्यात हाये. ते बुढीले चहा पाजे अन् माह्याकडं असं पाहे का मी चहात माशी पाडली.

असं करता करता दसरा आला.

आमी कास्तकाराचे पोरं. दसऱ्याले आवजार पुजल्याशिवाय तोंडात घास जात नाई. भावाकडं गावात ट्रॅक्टर पुजतेत, वखर, डवरा पुजतेत. आधी धुतेत, मंग हळद-कुंकू, मंग अक्षता, मंग झेंडूचं फूल. मी म्हनलं, माह्या आवजारानं काय घोडं मारलं? मांडलं सारं पाटावर. कॅमेरा, मॅक, हार्ड डिस्क. धुवाचा इचार आलता मनात, खोटं नाई सांगत. पन मी शहाना मानूस, म्हून नुसतं वल्या फडक्यानं पुसलं.

बायको म्हने, "अवो, त्या यंत्राले वलं नका लावू."

मी म्हनलं, "तुह्या मशिनीले तू पाय लावते दिवसभर. मी तिले कधी बोललो का?"

मॅकच्या सफरचंदाले टिळा लावला, लय शोभला. मंग डिस्क घेतली. बैलाले टिळा कपाळावर लावतेत. डिस्कीचं कपाळ कोनतं, याचा मी बसून इचार केला. चारी बाजूनं सारखी. पन तार जिथं घुसते तिथं तोंड हाये, अन् तोंडाच्या वर कपाळ राहते, एवढं तं तिसरीतबी समजते. पान्यात कालवलेलं घट्ट कुंकू अंगठ्यावर घेतलं अन् बराबर लावलं. अंगठा जरा खाली घसरला. वरून अक्षता चिपकवल्या, पडू नये म्हून दाबून. फूल ठेवलं. हात जोडले अन् मनात म्हनलं, माय, या सालात धंदा होऊ दे.

दुसऱ्या दिवशी तार घुसवली तं ते घुसेच ना. म्हनलं पूजेची ताकद हाये. जोर लावला, घुसली.

डिस्कीचा लाइट लागला, गुर्र केलं, टिक टिक केलं अन् लाइट गेला. मॅक चूप. मी काढून पुन्हा लावली. पुन्हा गुर्र, टिक टिक, चूप. मी डिस्कीले हातावर आपटलं, टीव्हीच्या रिमोटले आपटतो तसं. मंग एकदम मॅकवर मोठी चिठ्ठी आली, खाली तीन बटनं. मले आनंद झाला, काही तं बोलला.

माया एक दोस्त हाये, भैंसा गावात अल्बम बनवते. त्याले मॅकमदलं समजते, अन् माह्यामदलंबी. फोन लावला.

"काय लिवलं हाये वाच."

"वाचता येत असतं तं तुले फोन केला असता का?"

"बटनावरची अक्षरं सांग एक एक."

मी पह्यल्या बटनाचं सांगतलं. दुसऱ्याचं सांगतलं. तिसरं सगळ्यात लांब होतं. मले वाटलं, लांब हाये म्हंजे त्याच्यातच दम असंन, म्हून बोट त्याच्यावरच ठेवून बसलो होतो. "आय, एन, आय, टी..."

 तो एकदम हळू बोलला, साप दिसल्यावर बोलतेत तसा. "हात काढ. काढला? खिशात घाल. दोनी."

"फोन कशानं धरू?"

"बायकोले धराले लाव."

बायकोनं फोन माह्या कानाले धरला. तो म्हने, "तो तुले इचारून राह्यला, पाटी कोरी करू का म्हून. ते दाबलं असतं तं सारी लगनं मोडली असती. आता बायकोले म्हन, सगळ्यात पह्यलं बटन दाबा. तू नोको दाबू."

तिनं दाबलं. चिठ्ठी गेली.

मंग त्यानं सारं करून पाह्याले लावलं. मॅकले मी एक फुकटचा जोड लावून ठेवला होता, एका भोकाचे चार भोकं करनारा. तो म्हने जोड काढ, थेट लाव. लावली. मॅकच्या दुसऱ्या भोकात लाव. लावली. मॅक बंद करून चालू कर. केला. मंग म्हने, एक चित्र शोध, डब्यावर डॉक्टरची नळी ठेवलेली हाये. मले लय बरं वाटलं, डॉक्टर घरातच होता. ते उघडलं तं डाव्या हाताले डिस्कीचं नाव दिसे न गायब होये, दिसे न गायब होये. एकदा दिसलं तवा बायकोनं वरचं तपासाचं बटन दाबलं. थोडा वेळ चाललं अन् लाल निशान आलं.

"डॉक्टरनं हात टेकले," मी म्हनलं.

तो म्हने, "डॉक्टरले पेशंट दिसतच नाई तं तो काय करन? डिस्कीपर्यंत करंट पोचून नाई राह्यला. काही झालं होतं का? पडली? वली झाली?"

मी छाती ठोकून म्हनलं, "मी तिले फुलावानी जपतो."

बायकोनं फोन माह्या कानाचा काढला अन् मशिनीवर जाऊन बसली.

बाजारच्या दिवशी बुढी आली. तिले मी सांगतलं का मावशी, डबा उघडून नाई राह्यला. तिनं डबा हातात घेतला, कानापासी नेला.

"याच्यातच हाये तो?"

"हो."

"नाचताना?"

"नाचतानाच अटकला."

तिनं डबा ठेवला न म्हने, "घरी मी इतक्या सालापासून पाह्यते, तो कशातबी असाच अटकते. बाबू, आता मले दुसरं काही पाह्याचं नाई राह्यलं. तीर्थ झालं, नातीचं लगन झालं. एवढं पाह्यलं का झालं. गावात साऱ्याइनं पाह्यलं, अन् ज्या बाईनं जल्मभर त्याच्यासंग काढला, तिनं नाई."

मी जोक माराले तोंड उघडलं होतं. बंद केलं. असं माह्याकडून लय कमी होते.

मंग मी इलाज चालू केले. चहावाला म्हने, मोबाइल वला झाला तं तांदळात ठेवतेत. मी म्हनलं वला नाई झाला. तो म्हने, ठेव न, तांदूळ काय खाऊन टाकते का. ठेवली तांदळाच्या डब्यात. काही झालं नाई, फक्त त्या दिवशीच्या भाताले तारीचा वास आला. एकानं उन्हात ठेवाले सांगतलं, ठेवली, पापडाच्या बाजूले. मंग बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेलो. त्यानं उलटी-पालटी केली न म्हने, "अन्ना, फॉरमॅट मार देता हूं. एकदम नया हो जाएगा."

"और अंदर का?"

"अंदर का तो जाएगा. डब्बा नया हो जाएगा."

तो इतक्या खात्रीनं बोलला का मी हो म्हनतच होतो. पन मले बुढीचा कान आठवला, डब्याले लावलेला.

घरी आलो तं बायको म्हने, "तुमच्या दोस्तापासी घेऊन जा. त्याले दाखवा. अन् दसऱ्याचंबी सांगा."

"दसऱ्याचं कायले सांगू?"

"नोका सांगू. त्याले डोळे हायेत."

डिस्क तारीसकट टावेलात गुंडाळली, स्टीलच्या डब्यात ठेवली अन् बसलो बसमंदी. आदिलाबादहून निर्मल, निर्मलहून भैंसा. डबा मांडीवर. बाजूच्या बाईले वाटलं जेवनाचा हाये. जेवाच्या टायमाले ते माह्या डब्याकडं पाहून राह्यली होती, मी तिच्या भाकरीकडं.

दोस्ताचं दुकान जिनिंगच्या बाजूले हाये. कापसाचा उडता भुसा आत येऊ नये म्हून तो दार लावून बसते. त्यानं डिस्क घेतली, मोबाइलचा टॉर्च लावला, तारीच्या भोकात पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग टॉर्च बंद केला न माह्याकडं पाह्यलं.

"हे काय हाये?"

"भोक."

"भोकात काय हाये? देवघर हाये का? हळद हाये, कुंकू हाये, अक्षता हायेत. तू हिचं लगन लावलं का?"

"दसरा होता," मी म्हनलं.

"नवरदेव कोनता? कूलर?"

त्यानं कोरडा दात घासाचा बुरूश घेतला अन् हलक्या हातानं भोक झाडलं. लाल भुकटी निघाली. मंग लाकडाची दातकोरनी घेतली, अन् आतून एक पिवळा तांदूळ टिचकन टेबलावर पडला. अख्खा दाना. अन् मी तिले वरून आनखी तांदळात ठेवलं होतं. जो आत बसला होता त्याले जोडीदार पाठवून राह्यलो होतो. तारीचं तोंडबी लाल झालं होतं, ते त्यानं कचऱ्यात टाकली. नवी तार लावली. डिस्कीनं गुर्र केलं. टिक टिक केलं नाई. त्याच्या मॅकवर पिवळा डबा उगवला.

मी त्याच्या पाया पडाले वाकलो तं तो म्हने, "पाया नोको पडू, कुंकू लावशीन."

पह्यले त्यानं सारं दुसऱ्या डिस्कीत उतरवून घेतलं. म्हने, आधी उतरवाचं, मंग डॉक्टर. उतरवून झालं तवा नळीवाल्या डॉक्टरले लावलं, अन् या बारीनं हिरवं निशान आलं. मंग तार काढाची कशी ते शिकवलं. त्या पिवळ्या डब्यापासी बारीक निशान हाये, ते दाबाचं, डबा गेला का मंग तारीले हात लावाचा. मी इचारलं, मंग ओढल्यावर चिठ्ठी येते ते? तो म्हने, "ते? तो तुले शिव्या देते." इतकी सालं मी मान हालवत होतो.

भैंसाच्या स्टँडावरूनच गावात फोन केला. म्हनलं मावशीले सांगा, म्हातारा निघाला. बाजारच्या दिवशी या, पडद्यावर दाखवतो. व्हिडिओ मी अजूनबी पाह्यला नोहोता. कायले पाहू? मीच काढला होता.

बाजारच्या दिवशी बुढी आली, अन् संग बुढाबी आला. त्याचं म्हननं का तो कापसाचा भाव पाह्याले आला. दुकानाच्या आत काही तो येईना. बाहेर पायरीवर रोडकडं तोंड करून बसला. मी टेबल फिरवलं. पह्यल्यांदा सफरचंद भिंतीकडं झालं अन् पडदा लोकांकडं. बायकोनं मशीन थांबवली.

वरात लावली. बँड वाजून राह्यला. नवरदेव आला, पोट्टे नाचून राह्यले, सारं झ्याक. मंग बँडवाल्यानं ते जोरातलं चालू केलं, अन् पडद्यावर एकदम जमीन आली.

जमीन, धूळ अन् पाय.

तवा मले आठवलं. त्या गान्यावर नवरदेवाच्या दोस्तानं मले ओढलं होतं, अन् मी कॅमेरा गळ्यात लोंबता सोडून नाचाले घुसलो होतो. बंद न करता. चारी बाजूनं, सिनेमावानी, मी पायच काढले होते. कोनाचं तोंड नाई, हात नाई. मले वाटलं, त्या अक्षता भोकात राह्यल्या असत्या तं बरं झालं असतं. मी फिरवाले गेलो तं बुढीनं हात धरला.

"राहू दे."

ते पडद्याच्या इतकी जवळ गेली का काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरे. पोट्ट्यांचे बूट, सँडला. मधात दोन काळे वाळके पाय आले. आधी एक टाच उचलली, मंग दुसरी. मंग जमले. तालावर. एक गिरकीबी झाली.

"हे पाय," ते म्हने. "अन् हे डावी चप्पल पाह्य. अंगठा तुटला होता, लग्नाच्या सकाळी मीच हिरव्या सुतळीनं शिवला. दिसली का सुतळी?"

मले दिसली. बायकोले दिसली.

बुढीनं उजव्या पायावर बोट ठेवलं. "अन् हे उजवी. दोनी पायात दोनी चपला हायेत." ते दाराकडं वळली. "ऐकलं का? चप्पल हरवली होती ना? या, पाहा, सापडली."

बुढा उठला. लय सावकाश आत आला, जसा काही पटवाऱ्यानं बोलावला. हात मांगं बांधून पाह्यलं. पडद्यावर हिरव्या सुतळीनं गिरकी घेतली.

"चपला माह्या हायेत," बुढा म्हने. "पाय दुसऱ्याचे असतीन."

"बरं. मंग ज्याचे असतीन त्याले निरोप द्या. म्हना, घरच्या अंगनातबी येऊन जा एकदा. तिथं बुंदीवर कोनी बसलेलं नाई."

बुढ्यानं मान पडद्याकडं आनखी जराशी वाकवली. बुढीनं पडद्यावर आनखी एक जोडी दाखवली, बुढ्याच्या बाजूची, ताल सोडून भलतीकडं आपटनारी. "अन् हे कोन वो? चिखलात फसलेल्या म्हशीवानी?"

माह्या बायकोनं नुसतं माह्या पायाकडं पाह्यलं. मी पाय स्टुलाखाली घेतले.

गानं संपलं. मी डॉक्टर लोकांवानी गंभीर होऊन तारीकडं हात नेला, आधी बारीक निशान दाबाचं म्हून. तवा बुढा खाकरला.

"चप्पल बराबर दिसली नाई," तो म्हने. "सुतळी हिरवी का निळी, ते पाह्याचं राह्यलं. पुन्हा लाव बरं एकदा."

बुढीनं दुसरा स्टूल ओढून त्याले देल्ला. मी पुन्हा लावलं.